उपाशी फक्त तोच होता का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या ताई ५१ वर्षांच्या आहेत, डोंबिवलीत राहतात. बालपण लालबागच्या एका चाळीत गेलं. वडील लवकर वारले आणि आई गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवायची. त्याच मजल्यावर चार खोल्या सोडून राहणाऱ्या मुलाचे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, होते. १९८२चा संप झाला, त्या घरातला पगार थांबला. वडील दारूला लागले, भांडी विकली गेली, आईचं मंगळसूत्र गेलं. आठ वर्षांची ही मुलगी आईची नजर चुकवून त्या नऊ वर्षांच्या मुलाला भाकरी नेऊन द्यायची. १९८४ मध्ये त्याची आई मुलांना घेऊन पाटण तालुक्यातल्या गावी गेली. दहावीनंतर मुलगा मुंबईला परतला, मामाकडे राहिला, दिवसा छापखान्यात नोकरी आणि रात्री कॉलेज. १९९५च्या गणपतीत दोघांची पुन्हा गाठ पडली, १९९८ मध्ये लग्न झालं. मुलगी आता २४ वर्षांची आहे.

ताईंनी या सगळ्यावर एक प्रेमकादंबरी लिहिली. नावं बदलली, बाकी बहुतेक जसंच्या तसं. दादरच्या एका प्रकाशकांनी ती स्वीकारली असून दिवाळीआधी करारावर सही हवी आहे. यजमानांनी पहिली तीन प्रकरणं वाचली आणि "हे छापू नकोस" एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "मी तुझ्याशी लग्न भाकरीसाठी केलं नाही." तेव्हापासून त्या विषयावर बोलणं बंद आहे. मुलगी म्हणते, छाप. मैत्रीण म्हणते, हा पुरुषी अहंकार आहे. पंच्याहत्तरीच्या सासूबाई गावी असतात, त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

ताई विचारतात, "मी त्याचं कौतुकच केलंय. आमचं प्रेम त्या हालांतूनच उमललं, मग ते सांगायला लाज कसली? की इतक्या वर्षांचं लिखाण बासनात बांधून ठेवू?"

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं, सोबत पाठवलेली तीन प्रकरणं आणि पुढच्या कथानकाचा सारांशही. खाणावळीचं दुसरं प्रकरण मला फार आवडलं. तीन पाळ्यांच्या तीन पंगती, रात्रपाळीहून येणाऱ्यांसाठी सकाळीच तयार असलेलं जेवण, महिन्याच्या हिशेबाची वही, उसळीत पाणी वाढवताना आईचा क्षणभर थबकलेला हात. ज्यानं हे जवळून पाहिलंय त्यालाच असं लिहिता येतं. त्यामुळे लिखाण बासनात बांधायचं का, तर नाही, मुळीच नाही. पण आहे तसं ते दिवाळीत छापू नये, असंही मला तितकंच ठामपणे वाटतं.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे. संपाच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, तुमच्या आईला टायफॉइड झाला तेव्हा खालच्या नळावर पहाटे रांगेत उभं राहून तुमच्या घरचं पाणी त्यानं भरलं. तीन मजले चढून, आई उठून कामाला लागेपर्यंत रोज. हे तुम्ही ओघात लिहिलंत आणि पुढच्याच ओळीत प्रकाशकांच्या पत्राकडे वळलात. प्रकरणांत हा प्रसंग नाही, सारांशातही नाही. तिथे नायिका त्याला भाकरी देते, आपली वही मधून फाडून अर्धी देते, पावसात छत्रीत घेते, मास्तरांच्या मारापासून वाचवते. तो घेतो. प्रत्येक वेळी तो फक्त घेतो आणि त्याचे डोळे भरून येतात.

नऊ-दहा वर्षांचा जो मुलगा भरलेली कळशी खांद्यावर घेऊन तीन मजले चढत होता, त्यानं बावन्नाव्या वर्षी हे वाचलं. भाकरीबद्दलचं त्यांचं ते वाक्य मला तिथून आलेलं दिसतं. मैत्रीण त्याला अहंकार म्हणते, तुम्हाला त्यात लाज दिसते. मला त्यात दुखावलेलं प्रेम दिसतं. आपल्या प्रेमाचं मूळ उपकारात आहे असं बायकोला इतकी वर्षं वाटत आलंय की काय, हा प्रश्न त्या पानांनी त्यांच्यापुढे पहिल्यांदा उभा केला असावा. हा माझा अंदाज आहे. खरं काय ते तुम्हालाच त्यांना विचारावं लागेल, आणि ते कसं विचारायचं याकडे मी पुढे येते.

तुम्ही म्हणता, मी त्याचं कौतुकच केलंय. केलंय, पण कशाचं? सोशीकपणाचं, गप्प राहण्याचं, भुकेल्या पोटी शाळेत पहिला येण्याचं. ज्यानं सोसलं त्याला आपल्या सोसण्याचं कौतुक ऐकून बरं वाटेलच, असं आपण गृहीत धरतो. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत मला उलटंच जास्त दिसतं. त्या माणसांना आपण काय केलं ते आठवायचं असतं. आपल्यावर काय गुदरलं ते जगासाठी ठेवून, आपण काय केलं तेवढं तरी घरच्यांनी लक्षात ठेवावं, अशी त्यांची इच्छा असते.

आता तुमच्याबद्दल. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. त्या अडीच लाखांत कुटुंब गावी ठेवून एकटे राहणारे कितीतरी होते, आणि तुमच्या आईच्या पंगतीला तेच बसत. पगार थांबल्यावर ते गावी निघून गेले. तुम्हीच लिहिता की वहीतली निम्मी बिलं कधी आलीच नाहीत, आईनं मग ऑर्डरीचे लाडू वळले, गोधड्या शिवल्या, रात्री दिव्याखाली फॉल-बीडिंग केलं. म्हणजे संपानं तुमचंही घर मोडलं. पण कादंबरीतल्या नायिकेच्या घरी चूल कधी थंड पडत नाही. तिच्याकडे द्यायला कायम काहीतरी असतं. तुमच्या कादंबरीत उपाशी फक्त तोच आहे.

हे तुम्ही मुद्दाम केलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. स्वतःच्या भुकेबद्दल लिहिणं अवघड असतं, आपल्या आवडत्या माणसाच्या भुकेबद्दल लिहिणं त्या मानानं सोपं जातं. पण झालं असं, की तुमची झाकलेली गरिबीही त्यांच्याच खात्यावर जमा झाली. ज्या दिवशी तुमच्या घरात भाकरी नव्हती, त्या दिवसाचं प्रकरण लिहा. त्या दिवशी तुम्ही त्याच्या दारात गेलात का? काय बोललात? की गेलाच नाहीत, कारण मोकळ्या हातानं जायची लाज वाटली? मला वाटतं, तुमच्या प्रेमकथेचा खरा धागा तिथे कुठेतरी आहे.

आणखी एक. भाकरी आईची नजर चुकवून नेल्याचं तुम्ही तीनदा लिहिलंय. पंधरा-वीस माणसांची खाणावळ चालवणाऱ्या बाईला दिवसाच्या भाकऱ्यांचा हिशेब तोंडपाठ असतो. रोज एक कमी होतेय हे तिला कळलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. तिनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं, ही शक्यता एकदा धरून बघा. मग त्या मुलाला जगवणारी एकटी नायिका राहत नाही. सगळी चाळ थोडीथोडी त्यात येते, आणि त्याच्या मानेवरचं एका व्यक्तीच्या उपकाराचं ओझंही उतरतं. खाणावळवाल्या बायकांचं जगणं आपल्या प्रेमकादंबऱ्यांत जवळजवळ आलेलंच नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. त्याआधी महिन्याचं धान्य भरायला सावकार आणि वाणी हेच दोन आधार. आईच्या वहीत याच्या खुणा असतील तर त्या कादंबरीत येऊ द्या. ती गोष्ट तुमची आहे, तिच्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या सगळ्यात मोठ्या गृहीतकाकडे येते: आमचं प्रेम हालांतूनच उमललं.

१९८४ला ते गावी गेले, १९९५ला तुम्ही पुन्हा भेटलात. मधली अकरा वर्षं तुमच्या सारांशात एका ओळीत संपतात, "काळ पुढे सरकला." ताई, प्रेम जर भुकेतून उमललं, तर या अकरा वर्षांत ते कुठे होतं? त्या काळात त्यांनी गावी गुरं राखली, मुंबईत छापखान्यात शाईनं हात काळे केले, रात्री कॉलेजच्या बाकावर डुलक्या घेत अभ्यास केला. तुम्ही दुसरीकडे मोठ्या होत होतात, एका स्थळाला नकारही दिला होतात. पंचाण्णवच्या गणपतीत जे भेटले ते दोन कमावते, सज्ञान लोक होते. त्यांना भाकरीची गरज नव्हती. त्यांनी तुम्हाला आणि तुम्ही त्यांना तेव्हा निवडलंत. मंडपाच्या मागे दोन तास उभं राहून काय बोलत होतात, ते पत्रात तुम्ही किती छान लिहिलंय! रात्रीच्या कॉलेजातल्या गंमती, छापखान्यातल्या चुकीच्या खिळ्यांमुळे (अक्षरांच्या ठशांमुळे) लग्नपत्रिकेवर उमटलेलं भलतंच नाव, आणि त्यावर तुमचं हसणं थांबेना. ती दोन तासांची गोष्ट मला भाकरीपेक्षा जास्त प्रेमाची वाटली.

त्याच मजल्यावर, त्याच संपात आणखी किती मुलं होती. काही शिकली, काही गावी गेली ती परतली नाहीत, काही त्या काळात टोळ्यांच्या नादी लागली. हाल सगळ्यांच्याच वाट्याला होते. हालांतून जर आपोआप प्रेम उगवत असतं, तर गिरणगावात दुःखी संसार उरलेच नसते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पुढे अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली व्यसनं, भांडणं, आजारपणं अशा अनेक गोष्टी एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं पुढे समर्थ, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे विश्वासानं जवळ जाता येईल असं किमान एक माणूस, घरातलं किंवा बाहेरचं. मुलांना सावरलं ते माणसांनी. हालअपेष्टांना त्याचं श्रेय देऊ नका, तुमच्या कादंबरीतही नाही.

इथे थोडं थांबून बाकीच्या वाचकांसाठी लिहिते, कारण याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडणारी पत्रं मला सतत येतात. "माझ्या वाईट काळात त्यानं साथ दिली, आता लग्नाला नाही कसं म्हणू?" किंवा "आम्ही दोघं एकाच परिस्थितीतून वर आलो, म्हणजे आमचं जमणारच." सोबत सोसलेले दिवस ही मोठी गोष्ट आहे, पण तेवढ्यावर संसार उभा करू नका. स्वतःला साधे प्रश्न विचारा. संकट नसताना, एखाद्या रिकाम्या रविवारी, या माणसाबरोबर चार तास बरे जातात का? त्याला नकार देता येतो का, आणि तो दिल्यावर जुन्या मदतीची आठवण करून दिली जाते का? आपलं आता बरं चाललंय याचा त्याला आनंद होतो, की आपण पुन्हा अडचणीत सापडलो तरच तो जवळ येतो? मदतीची परतफेड करायचे अनेक मार्ग आहेत: पैसे, वेळ, आजारपणात धावून जाणं, त्याच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावणं. लग्न हा परतफेडीचा मार्ग नव्हे. कृतज्ञतेपोटी केलेल्या लग्नात दोघांचंही नुकसान होतं, कारण एकाला कायम ऋणी राहावं लागतं आणि दुसऱ्याला आपल्यावर खरंच प्रेम आहे की नाही हे कधीच कळत नाही. तुमचे यजमान, ताई, याच संशयाशी आत्ता झगडत असतील तर ते किती एकटे पडले असतील, याचा विचार करा.

मग ही गोष्ट सांगण्याचा हक्क कुणाचा? तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणि सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' यांचे दाखले दिलेत, की बायकांनी नवऱ्यांबद्दल लिहिलं म्हणून मराठी साहित्य समृद्ध झालं. अगदी खरं. पण 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला, लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक १९१९ मध्येच गेले होते. 'आहे मनोहर तरी' १९९० साली पु. लं.च्या हयातीत आलं, पण पु. ल. स्वतः लेखक होते, त्यांना आपली बाजू मांडायची असती तर सगळा महाराष्ट्र ऐकायला बसला होता. शिवाय त्या दोघींनी मुख्यतः आपल्या संसाराबद्दल लिहिलं, आणि त्या संसाराच्या त्या बरोबरीच्या मालकीण होत्या. तुमच्या पहिल्या तीन प्रकरणांतला नायक नऊ वर्षांचा आहे. दारू पिऊन आलेल्या वडिलांनी त्याला जिन्यात मारलं, त्याची चड्डी ओली झाली, हे तुम्ही पाहिलंत. त्यानं ते कुणाला दाखवलं नव्हतं. त्या प्रसंगावर तुमचा हक्क आहे असं मला वाटत नाही, तो कितीही प्रभावी उतरला असला तरी.

कायद्याचा मुद्दा मी कोर्टकचेरीसाठी काढत नाही, त्यामागचा विचार उपयोगी आहे म्हणून सांगते. १९९४ मध्ये राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की माणसाचं कुटुंब, लग्न, मातृत्व, शिक्षण अशा खासगी गोष्टींबद्दल त्याच्या संमतीशिवाय कुणी प्रसिद्ध करू नये, मजकूर खरा असो वा खोटा. सार्वजनिक दस्तऐवजात आधीच असलेल्या गोष्टींचा त्याला अपवाद आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला. कादंबरीला हे किती लागू होतं हा वकिलांचा प्रश्न. पण 'खरं आहे ना, मग सांगायला काय हरकत' हे उत्तर पुरत नाही, एवढं त्यातून घेता येईल.

नावं बदलल्यानं ओळख लपत नाही. लालबागची चाळ, तिसरा मजला, खाणावळवालीची मुलगी, साचेखात्यातला माणूस: चाळीतल्या जुन्या लोकांना पहिल्या पानावरच कळेल. टोपणनावानंही फार फरक पडणार नाही. आणि गावी सासूबाई आहेत. त्यांचं मंगळसूत्र कसं गेलं हे त्यांनी सुनेला कधीतरी विश्वासानं सांगितलं असणार. पंच्याहत्तराव्या वर्षी पुतण्याच्या तोंडून त्यांना ते पुस्तकातलं म्हणून ऐकू यावं का? त्यांना विचारल्याशिवाय तो प्रसंग ठेवू नका. विचारायला मात्र यजमानांना बाजूला ठेवून परस्पर जाऊ नका.

सासऱ्यांबद्दलही एक गोष्ट मनात आली. कादंबरीत ते पहिल्यांदा येतात तेव्हाच झिंगलेले आहेत. त्याआधी तो माणूस वर्षानुवर्षं साच्यांच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, कापसाच्या धुळीत उभा राहून काम करत होता. कापडाच्या पोताबद्दल तो बोलायचा, हे तुमच्याच पत्रात आहे. संपापूर्वीचं एक प्रकरण त्याला द्या. तुम्ही लिहिता की गिरणी कामगारांच्या घरासाठीचा अर्ज भरताना यजमानांनी वडिलांची सगळी कागदपत्रं एकट्यानं जमवली, तुम्हालाही सोबत नेलं नाही. त्या योजनेसाठी कामगार १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा लागतो. वडील कामावर होते, त्यांचं नाव पटावर होतं, हे सिद्ध करायला मुलगा खेटे घालत होता. त्या वडिलांना पुस्तकात नुसतं दारुडा म्हणून भेटणं त्यांना कसं सोसवेल?

आता काय करायचं ते सांगते.

प्रकाशकांना याच आठवड्यात कळवा, की काही प्रकरणं पुन्हा लिहायची आहेत, वेळ हवा. चांगला प्रकाशक थांबतो. दिवाळी गेली म्हणून पुस्तक नासत नाही. लेखकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो आणि तो लिहिल्याक्षणीच तुमचा झालेला असतो, नोंदणीवाचूनही.

मग यजमानांशी बोला, पण "छापू की नको?" असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनी दिलंय. घरात मुलगी असताना, टीव्ही चालू असताना, ते लोकलमधून घामाघूम होऊन आल्यावरही नको. रविवारी दोघंच बाहेर जा. चाळीत मात्र जाऊ नका. जुन्या जागेवर नेऊन हळवं करणं म्हणजे एका परीनं दबावच. त्यांना आधी पाण्याचा प्रसंग सांगा, तो तुम्हाला आठवतोय आणि कादंबरीत राहून गेला हे कबूल करा. त्याआधी कादंबरीबद्दल दुसरं काही बोलू नका. त्यांनी काही म्हटलं तर ऐका, काहीच बोलले नाहीत तर त्या दिवशी तिथेच थांबा.

पुढे कधीतरी, त्यांची तयारी दिसली की पूर्ण हस्तलिखित आणि एक पेन्सिल त्यांच्या हातात द्या. जे खोटं वाटतं त्यावर एक खूण, जे खरं आहे पण जगापुढे नको त्यावर दुसरी, आणि काय राहून गेलंय ते समासात. कारण द्यायची सक्ती नाही, हे आधीच सांगून टाका. "पण हा प्रसंग तर किती सुंदर आलाय" असा वाद घालायचा नाही, हे तुम्ही स्वतःला सांगा. छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला प्रुफं तपासायची सवय असते, कदाचित बोलण्यापेक्षा हे त्यांना सोपं जाईल.

लेखिका म्हणून तुमचंही एक काम आहे. आठ वर्षांच्या मुलीच्या काळजात धडधड, नऊ वर्षांच्या मुलाच्या नजरेत ओढ, हे काढून टाका. मुलं गणितं सोडवतात, गोट्यांवरून भांडतात, जिन्यात बसून भविष्याच्या थापा मारतात. प्रेम पंचाण्णवमध्ये येऊ द्या आणि त्याला भरपूर पानं द्या.

त्यांनी सगळं वाचून, विचार करूनही नाही म्हटलं तर? मी दोन भाग करते. त्यांचं बालपण, त्यांचा मार, त्यांच्या आईचं मंगळसूत्र यांवर त्यांचा शब्द शेवटचा. तो तुम्ही मानावा असं मला वाटतं, मग कादंबरीची रचना मोडली तरी चालेल. पण तुमची आई, तुमची खाणावळ, तुमची भूक यांबद्दलही लिहू नको असं ते म्हणाले, तर तिथे तुम्ही नमतं घेऊ नका. स्वतःचं आयुष्य लिहायला कुणाची संमती लागत नाही, नवऱ्याचीही नाही. माझा अंदाज, ते असं म्हणणार नाहीत. ज्या माणसानं तुमच्या घरचं पाणी भरलं, त्याला तुमच्या आईची गोष्ट पुस्तकात यावीशी वाटेल.

या काळात त्यांची झोप उडाली, जुन्या प्रसंगांनी ते दचकून उठू लागले किंवा एकदम अबोल झाले, तर कादंबरी पूर्ण बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे बघा. दडपलेलं बालपण उघडलं की असं होऊ शकतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येतं. वाटल्यास तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून मानसोपचारतज्ज्ञांचं नाव घ्या.

कराराची वेळ येईल तेव्हा एक कलम नीट वाचा: चित्रपट, वेबमालिका, ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क. गिरणगावची प्रेमकथा म्हटल्यावर कुणीतरी मागणारच. ते हक्क सरसकट देऊ नका, प्रत्येक वेळी तुमची लेखी संमती लागेल असं लिहून घ्या. पुस्तकात तुम्ही जे जपून काढलंत, ते पडद्यावर दुसरं कुणी पुन्हा घालेल, आणि तेव्हा घरात उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

आणि मुलीला मात्र आजच सांगा, की बाबांना समजवायला जाऊ नकोस. ती प्रेमानंच करेल, पण वडिलांना आपण घरात दोघींसमोर एकटे आहोत असं वाटता कामा नये. तिला करायचंच असेल तर तुमच्या आईची हिशेबाची वही अजून असेल तर ती पानापानानं स्कॅन करून द्यायला सांगा. कागद चाळीस वर्षांहून जुना आहे, आणि पुढच्या लिखाणाला तो तुम्हाला लागणार आहे.